लक्षद्वीप : जाण्याआधी एवढं वाचाच!

सबमिशन्स संपत आली की होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एकच चर्चा सुरू होते, ट्रिप कुठे काढायची? बहुतेक वेळा उत्तर ‘गोवा’ असतं आणि बहुतेक वेळा ते उत्तर मेसच्या टेबलावरच राहतं! पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, निळ्याशार पाण्याचे फोटो सगळीकडे झळकले आणि तेव्हापासून या चर्चेत एका नव्या नावाची भर पडली. ‘अरे, मालदीव कशाला, आपलंच लक्षद्वीप आहे की!’

बरोबर आहे. आहेच. पण हे लक्षद्वीप म्हणजे नक्की आहे तरी काय? भर समुद्रात ती जमीन आली कुठून? तिथे ना नदी, ना धरण, मग लोक पितात काय? खातात काय? बोलतात कुठली भाषा? आणि मुख्य म्हणजे, आपण शे-दोनशे लोक तिथे जाऊन थडकलो तर त्या बेटांचं काय होतं? या लेखात याच प्रश्नांची उत्तरं बघू. घाबरू नका, थोडं फिजिक्स आहे, पण व्हायवा नाही!

आधी आकडे

भारताच्या नकाशात केरळच्या डावीकडे जे ठिपके दिसतात ना, तेच लक्षद्वीप. कोचीपासून अंतर साधारण २२० ते ४४० किलोमीटर. नावात ‘लक्ष’ असलं तरी बेटं पारंपरिक मोजणीने ३६. त्यातल्या फक्त १० बेटांवर वस्ती आहे : कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा, अंद्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि ‘लक्षद्वीप’ हे नाव मिळालं १९७३ साली. राजधानी कवरत्ती.

सगळ्या बेटांची जमीन मिळून किती? फक्त ३२ चौरस किलोमीटर! २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दोन हजारांवर माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. तेव्हा ‘रिकामी, शांत बेटं’ ही जी आपली कल्पना असते ती डोक्यातून काढून टाका. वस्तीची बेटं चांगलीच भरलेली आहेत. मोकळा आहे तो समुद्र. बेटांना लागून असलेल्या उथळ, शांत पाण्याला लगून म्हणतात आणि या लगूनचं क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. थोडक्यात, जमीन नावापुरती आणि अंगण समुद्राएवढं!

सह्याद्रीचा लांबचा भाऊ

आता ही बेटं आली कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हा बाहेर पडून दख्खनचं पठार तयार झालं, हे आपण शाळेत शिकलोय. आपला सह्याद्री त्याच काळ्या दगडाचा. ज्या ‘हॉटस्पॉट’मुळे हे घडलं तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला आणि मागे समुद्राच्या तळाशी डोंगरांची एक रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटं त्याच रांगेच्या डोक्यावर बसली आहेत. म्हणजे नात्याने लक्षद्वीप आपल्या सह्याद्रीचा लांबचा भाऊच की!

पण बेटावर उतरल्यावर काळा दगड शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. तो खूप खाली आहे. वर आहे तो सगळा प्रवाळांचा, म्हणजे कोरलचा, चुनखडक. चार्ल्स डार्विनने १८४२ साली याचं स्पष्टीकरण दिलं. ज्वालामुखीच्या बेटाभोवती उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खाली खचत जातं. प्रवाळांना सूर्यप्रकाश हवा असतो, म्हणून ते त्याच वेगाने वर वाढत राहतात. शेवटी मूळ बेट बुडून जातं आणि उरतं फक्त प्रवाळांचं कडं, मध्ये लगून. यालाच कंकणाकृती प्रवाळ बेट म्हणतात. डार्विनचं म्हणणं खरं आहे का हे कळायला ११० वर्षं लागली! १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक इथे ड्रिलिंग केलं, तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त चुनखडकाखाली खरोखर ज्वालामुखीचा दगड लागला.

तर मुद्दा असा की लक्षद्वीपची पांढरी वाळू म्हणजे तुटलेले प्रवाळ आणि शिंपले. पॅरटफिश नावाचा मासा प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो, ती पण त्यातच आली. (फोटोतल्या त्या सुंदर बीचवर झोपताना हे आठवलं तर लेखिकेला दोष देऊ नये!) ही वाळू सतत तयार होत राहिली तरच बेट टिकतं. बाहेरच्या बाजूचं प्रवाळांचं कडं मोठ्या लाटा अंगावर घेतं आणि आतलं बेट शाबूत राहतं. बहुतेक जमीन समुद्रापेक्षा एक-दोन मीटरच उंच आहे. तेव्हा हे कडं म्हणजे सीनरी नव्हे, कंपाउंड वॉल आहे. आणि ही भिंत जिवंत आहे.

पाण्याचं भिंग

आता माझा आवडता भाग. बेटावर नदी नाही, तलाव नाही, तरी विहिरींना गोडं पाणी आहे. कसं काय?

पावसाचं पाणी वाळूतून मुरतं. खाली समुद्राचं खारं पाणी असतं. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, गोड्या पाण्याची १. हलकं पाणी जड पाण्यावर तरंगतं. म्हणजे बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचा एक पातळ थर भिंगाच्या आकारात तरंगत असतो. मध्ये जाड, कडेला पातळ. समतोलाचं समीकरण मांडलं तर १ भागिले ०.०२५, म्हणजे ४० उत्तर येतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जेवढी वर, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी. याला गायबेन-हर्झबर्ग तत्त्व म्हणतात. पातळी २० सेंटिमीटर वर असेल तर कागदावर ८ मीटर खोल गोडं पाणी मिळेल. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने दोन्ही पाणी मिसळतं, म्हणून थर त्याहून पातळ असतो.

ऐकायला मस्त वाटतं ना? आता हेच गणित उलटं करा. पंप लावून पातळी फक्त १० सेंटिमीटरने खाली आणली तर खालून खारं पाणी ४ मीटर वर येणार! आणि एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला भरपूर पाऊस आणि भरपूर वेळ लागतो. शिवाय जमीन वाळूची. संडासच्या खड्ड्यातलं पाणी गाळायला वर मातीचा जाड थरच नाही, ते सरळ त्याच भिंगात उतरतं. आपल्या होस्टेलची टाकी सकाळी आठला संपली की आपण आरडाओरडा करतो, नि दुपारी टँकर येतो. तिथे टँकर कुठून येणार?

यावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, एक सॉलिड उपाय काढला. २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी बनवणारा प्लँट सुरू झाला. यात ना मेम्ब्रेन, ना बॉयलर. फंडा सोपा आहे. समुद्राचं वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. ते एका निर्वात टाकीत सोडायचं. तिथे दाब वातावरणाच्या साधारण चाळिसाव्या भागाइतका ठेवला की त्या तापमानालाच पाण्याची वाफ होते. मीठ मागे राहतं. मग ही वाफ थंड करायची कशाने? तर सुमारे ३५० मीटर खोलीवरून पाइपने आणलेल्या १२-१३ अंशांच्या पाण्याने. प्रवाळ बेटाचा उतार समुद्रात एकदम कड्यासारखा असतो, म्हणून एवढं खोल पाणी किनाऱ्यापासून जवळच मिळतं. मुंबईच्या किनाऱ्यावर हे जमणार नाही, कारण तिथे समुद्र कितीतरी दूरपर्यंत उथळ आहे.

थर्मोवाल्यांसाठी : आत येणारं पाणी ६ अंशांनी थंड झालं तर ४.२ गुणिले ६ भागिले २४४०, म्हणजे जेमतेम १ टक्का पाण्याची वाफ होते. याचा अर्थ १ लाख लिटर गोड्या पाण्यासाठी रोज सुमारे १ कोटी लिटर समुद्राचं पाणी खेळवायला लागतं. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला असे प्लँट झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये कदमतला दिवसाला दीड लाख लिटरच्या प्लँटचं उद्घाटन झालं. पण पंपांना वीज लागते. बेटांवर सोलर वाढतंय हे खरं, तरी विजेचा मुख्य भार वर्षानुवर्षं डिझेल जनरेटरवर राहिला आहे, आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने आणावं लागतं. म्हणजे आपण शॉवरखाली पाच मिनिटं जास्त गाणं म्हटलं तर त्याचा हिशोब कोचीच्या बंदरापर्यंत जातो!

ताटात काय?

मुख्य उत्तर : नारळ आणि ट्यूना. ट्यूना म्हणजे कोकणात ज्या कुळातल्या माशांना कुपा, गेदर म्हणतात तो. इथे मुख्यतः स्किपजॅक जातीचा मिळतो.

तो पकडायची रीत बघण्यासारखी आहे. पहाटे आधी लगूनमध्ये जाऊन प्रवाळांच्या आसपास राहणारे छोटे मासे जाळ्याने पकडायचे आणि बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. मग बाहेर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की हे मासे पाण्यात फेकायचे आणि वरून पाणी शिंपडायचं. ट्यूनाला वाटतं, मेजवानी! मग बोटीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे राहिलेले लोक काठीला बांधलेल्या गळाने एक-एक मासा उचलून बोटीत आपटतात. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटतो. एक गळ, एक मासा. कासव नाही, डॉल्फिन नाही, नको असलेलं काही नाही. ही पद्धत मूळ मिनिकॉयची. १९६० नंतर यांत्रिक बोटी आल्या तशी ती इतर बेटांवर पसरली.

फ्रीज नसलेल्या काळात एवढा मासा टिकवायचा कसा? मिठाच्या पाण्यात उकडायचा, नारळाच्या सोडणांवर धुरी द्यायची आणि उन्हात कडक वाळवायचा. याला ‘मासमीन’ म्हणतात. लाकडासारखा कडक होतो नि महिनोन् महिने टिकतो. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील भरून ठेवतात तसंच. चटणीत, भातात, रश्श्यात थोडा किसून घातला तरी पुरे.

नारळाचं तर विचारूच नका. झाडावरून काढलेल्या ताज्या गोड रसाला ‘मीरा’ म्हणतात, आपल्या नीरेची बहीण. ती आटवून गूळ होतो, आंबवून व्हिनेगर होतं. खोबरं आणि गूळ घालून लाडू करतात, त्याला ‘द्वीप उंडा’ म्हणतात. ‘किलंजी’ नावाची तांदूळ आणि अंड्याची अगदी पातळ पोळी असते, ती नारळाच्या गोड दुधाबरोबर खातात. (आंबोळी आणि रस आठवला का?) तांदूळ मात्र बेटावर पिकत नाही. पूर्वी इथले लोक काथ्या घेऊन शिडाच्या जहाजांतून मलबार आणि मंगळूरच्या किनाऱ्याला जायचे आणि त्या बदल्यात तांदूळ आणायचे. कण्णूरच्या अरक्कल घराण्याने आणि नंतर इंग्रजांनी या काथ्याच्या व्यापारावर मक्तेदारी ठेवली होती. आजही तांदूळ, भाजी, कांदा सगळं जहाजानेच येतं. तेव्हा ‘इथे पनीर नाही मिळत का?’ असं विचारू नये!

शुक्रवारची इस्टेट, सोमवारची इस्टेट

बेटांवरचे जवळजवळ सगळे लोक मुस्लिम आहेत. अंद्रोतला दफन असलेल्या संत उबैदुल्ला यांनी इथे इस्लाम आणला असं परंपरा सांगते. कवरत्तीच्या उज्रा मशिदीचं कोरीव लाकडी छत बघण्यासारखं आहे. पण गंमत अशी की इथली परंपरा मातृवंशीय आहे! घराणं आईकडून चालतं. त्याला केरळसारखंच ‘तरवाड’ म्हणतात. पूर्वी लग्नानंतर मुलगी सासरी जात नसे, नवराच रात्री बायकोच्या घरी येई. इस्टेटीचे दोन प्रकार : घराण्याची सामाईक ती ‘शुक्रवारची’ आणि स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’. पहिली आईच्या वंशाने जाते, दुसरी इस्लामी कायद्याने. दोन नियम एकाच घरात, भांडण न करता! समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६९ साली कल्पेनी बेटावरच्या या पद्धतीवर ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक लिहिलं.

भाषा जेसरी, म्हणजे मलयाळमचं बेटावरचं रूप. मिनिकॉय मात्र सगळ्यात वेगळं. ते दक्षिणेला एकटंच आहे, मालदीवच्या जवळ. तिथे माहल बोलतात, ही मालदीवच्या दिवेही भाषेचीच बोली. लिपीचं नाव थाना (आपलं ठाणे नव्हे!). ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी अंकांवरून आली आहेत. इथल्या गावांमध्ये रंगीत लांब होड्यांच्या शर्यती होतात आणि ‘लावा’ नाच होतो. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान् पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात. १८८५ साली बांधलेलं तिथलं उंच दीपगृह अजून उभं आहे.

मग काळजीचं कारण काय?

प्रवाळाचा जीव फार छोटा. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशात अन्न बनवतं आणि रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे जास्त तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पाणी लवकर निवलं तर जगतात, नाही तर उपासमारीने मरतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे फटके बसले. ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा समुद्र तापला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मोठं ब्लीचिंग झालं. अगत्ती, कदमत, कवरत्ती इथल्या सुमारे २४ वर्षांच्या पाहणीत जिवंत प्रवाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे. दोन फटक्यांच्या मध्ये सावरायला जो वेळ लागतो तोच कमी पडतोय.

आता वरचे सगळे धागे जोडून बघा. प्रवाळ मेले तर कडं झिजणार. कडं झिजलं तर वाळू कमी आणि लाटा थेट किनाऱ्यावर. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ या बेटांवरून गेलं, तेव्हा लाटा काय करू शकतात ते तिथल्या लोकांनी बघितलंय. लाटा आत शिरल्या तर पाण्याचं भिंग खारं होणार. आणि लगूनमधले ते छोटे मासे संपले तर गळ टाकून ट्यूना पकडणार कसा? सगळं एकाच खांबावर उभं आहे.

समुद्र तापतोय त्यात लक्षद्वीपच्या लोकांचा वाटा नगण्य आहे. पण तापाने आजारी असलेल्या माणसाच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातोय, हे लक्षात ठेवायला काय हरकत आहे? १९६७ च्या नियमांनुसार बेटांवर जायला परमिट लागतं. आपण त्याला ‘कटकट’ म्हणतो. मला विचाराल तर तो डिझाइन लोड आहे. पूल बांधताना आपण ‘कमाल भार’ लिहितो, तेव्हा कोणी म्हणत नाही की इंजिनिअरला ट्रक आवडत नाहीत! ३२ चौरस किलोमीटर, एक पातळ पाण्याचा थर आणि डिझेलचं जहाज, यांच्यावर किती माणसं उभी राहू शकतात याला एक उत्तर आहे, आणि ते बुकिंगच्या मागणीवरून ठरत नाही.

दुसरी बाजूही आहे. तिथल्या मुलामुलींना नोकऱ्या हव्यात, आणि पर्यटनातून त्या मिळू शकतात. २०२१ साली नव्या नियमांच्या मसुद्यांना तिथे मोठा विरोध झाला, तो आपली जमीन आपल्या हातात राहील का या भीतीपोटी होता. म्हणून ‘जाऊच नका’ असं मी म्हणत नाहीये. जा, पण थोडे जा, बेटावरच्या लोकांच्या घरी खा, त्यांच्याकडूनच बोट घ्या.

जाणार असाल तर

सीझन ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. कोचीहून जहाजाने १४ ते १८ तास किंवा विमानाने अगत्तीला. परमिट वेळेत काढा. वस्तीत फिरताना अंगभर कपडे घाला आणि लोकांचे फोटो विचारून काढा. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नका. आपल्या एका पावलाखाली अनेक वर्षांची वाढ मोडते. प्रवाळाचा तुकडा ‘आठवण’ म्हणून खिशात टाकू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. प्लास्टिक घेऊन गेलात ते परत घेऊन या, कारण तिथे कचरा टाकायला ‘गावाबाहेर’ अशी जागाच नाही. आणि अंघोळ एका बादलीत उरका. होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना ही प्रॅक्टिस आहेच!

आणि परत आल्यावर फोटो जरूर दाखवा. पण कोणी ‘पाणी किती निळं आहे ना!’ असं म्हणालं तर त्याला विहिरीच्या पाण्याबद्दलही दोन वाक्यं सांगा.